छातीतली जाळी आणि घरातला ताप



खरं म्हणजे या आठवड्यात लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहायचं मी ठरवलं होतं. बरणीला बुरशी का येते, हे विचारणारी तुमची सहा-सात पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत. पण गेल्या सोमवारी शाळेतून आले, तर टपालात एक निळं पाकीट होतं. ते वाचलं आणि लोणचं पुढच्या अंकावर ढकललं. बरण्यावाल्या मैत्रिणींनी रागावू नये.

पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलेलं. त्या भगिनी लिहितात, "ह्यांच्या हृदयात जाळी बसवून सोळा दिवस झाले. घरी आल्यापासून खाणंपिणं, औषधं सगळं वेळेवर चालू आहे. पण चार दिवस झाले, रोज दिवेलागणीला कसकस येते, अंगावर काटा येतो. थर्मामीटरवर १०१ भरतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, हवाच तशी आहे, घरोघरी ताप आहे. तापाची गोळी दिली की घाम येऊन उतरतो. एवढ्यातेवढ्या तापासाठी मोठ्या डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, असं हे म्हणतात. आणि ताई, हसू नका, पण त्या जाळीला आतमध्ये पू होऊ शकतो का हो?"

मी हसले नाही. पत्रावरची तारीख पाहिली, तर तीन दिवसांपूर्वीची. म्हणजे ताप सुरू होऊन आठवडा झाला. नशिबाने पत्राच्या खाली फोन नंबर होता. चहाचं आधण तसंच गॅसवर ठेवून मी फोन लावला आणि त्यांना सांगितलं की, आज, आत्ता, जिथे जाळी बसवली तिथे ह्यांना घेऊन जा, इस्पितळाचे सगळे कागद बरोबर घ्या, आणि घरात कुठली अँटिबायोटिकची गोळी पडली असेल तर ती मुळीच देऊ नका. त्या बिचाऱ्या घाबरल्या. मी म्हटलं, "घाबरू नका, बहुधा साधाच ताप निघेल. पण तो साधा आहे हे तुम्ही-आम्ही घरात बसून ठरवायचं नाही."

हे एवढं ठासून मी का म्हणू शकले? मी काही डॉक्टर नाही. बी. ए. ला इतिहास घेतलेली बाई, सकाळी तीन तास शाळेत शिकवते आणि उरलेला दिवस तुमच्यासारखाच घरात. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात हे सगळं घडलं, आणि त्यातली मोठी चूक माझ्या हातून झाली. आजवर या सदरात मी ती सांगितली नव्हती. आज सांगते.

त्याआधी ही जाळी म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्याकडे कुणी तिला स्प्रिंग म्हणतं, कुणी जाळी, डॉक्टर स्टेंट म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून चरबीने अरुंद झाल्या की छातीत दुखतं. १९७७ साली झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बारीक नळीच्या टोकाला फुगा लावून अशी वाहिनी आतून रुंद केली. पण फुगा काढला की काही जणांची वाहिनी पुन्हा मिटायची. म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये तूलूज इथे झाक प्युएल यांनी पहिल्यांदा माणसाच्या हृदयाच्या वाहिनीत धातूची जाळी बसवली. आज ती कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूची असते, साधारण तीन मिलिमीटर रुंदीची, म्हणजे बॉलपेनातली स्प्रिंग असते ना, जवळपास तेवढीच. तिच्या तारा मात्र केसासारख्या बारीक. बहुतेक जाळ्यांना वरून औषधाचा लेप असतो, वाहिनी पुन्हा आतून भरून येऊ नये म्हणून.

ही जाळी गंजत नाही आणि जागची हलत नाही. आपल्या घराचं बांधकाम पाहिलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की दोन भिंतींच्या सांध्यावर गवंडी तारेची जाळी ठोकतो आणि वरून गिलावा करतो. शरीरही तसंच करतं. हळूहळू त्या तारांवर वाहिनीचं आतलं अस्तर चढतं आणि जाळी भिंतीत बुजून जाते. पण याला आठवडे, महिने लागतात. औषधाच्या लेपाच्या जाळीला जास्तच, कारण ते औषधच मुळी पेशींची वाढ रोखण्यासाठी असतं. तोपर्यंत तारा रक्तात उघड्या असतात. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी बसू शकते, म्हणून त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात. आणि उघड्या धातूवर, फार क्वचित, जंतूही बसू शकतात. म्हणजे त्या भगिनींच्या प्रश्नाचं उत्तर असं की, हो, जाळीला पू होऊ शकतो.

फार क्वचित म्हणजे किती? तर हजारात एकापेक्षाही कमी. जगभर दरवर्षी लाखो जाळ्या बसतात आणि अशा रुग्णांची एकेक नोंद वैद्यकीय नियतकालिकांत स्वतंत्र लेख म्हणून छापली जाते, इतकं ते विरळ आहे. पहिली नोंद १९९३ सालची, जर्मनीतली, आणि तो रुग्ण वाचला नाही. तेव्हा ज्यांच्या घरी जाळी बसवलेलं माणूस आहे त्यांनी हे वाचून रात्रीची झोप घालवू नये. पण विरळ असलं तरी झालं तर फार वाईट. नोंद झालेल्या रुग्णांपैकी तिघांतला एक किंवा त्याहून जास्त दगावले आहेत. आणि दगावण्याचं एक कारण हेच की, लक्षात यायला उशीर होतो. सुरुवात असते साध्या तापाने, आणि ताप तर आपल्या घरी पाहुण्यासारखा येतच असतो.

आता आमची गोष्ट.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा ६८ वर्षांचे. वीस वर्षांचा मधुमेह. दिवाळी झाल्यावर एक दिवस मंडईतून पिशव्या घेऊन येताना जिन्यातच खाली बसले. शहरातल्या एका इस्पितळात नेलं. हल्ली ही नळी बहुतेक वेळा मनगटातून घालतात, पण अण्णांची मनगटातली वाहिनी बारीक निघाली, म्हणून जांघेतून घातली. पहिल्या दिवशी तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी दोन जाळ्या. मधल्या रात्री जांघेतला नळीचा तुकडा तसाच ठेवला होता, म्हणजे पुन्हा टोचायला नको. चौथ्या दिवशी अण्णा घरी आले, ते अगदी हसत. आईंनी दृष्ट काढली. मग तुम्हाला माहीतच आहे, भेटायला येणाऱ्यांची रीघ. मी चहा करून करून दमले.

जांघेत नीळ पडली होती आणि सुपारीएवढी गाठ लागत होती. इस्पितळात सांगितलं होतं की ही रक्ताची गाठ आहे, आपोआप जिरेल. अण्णा जुन्या वळणाचे. सुनेला जांघ कशी दाखवणार? आईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. हे सकाळी आठला कामावर जाणार. त्यामुळे ती गाठ रोज पाहायचं काम घरात कुणाचंच नव्हतं. असं होतं बघा. औषधांच्या वेळा मी पाठ केल्या होत्या, पण जिथून सगळं सुरू झालं ती जागा पाहायची कुणाला सुचलं नाही.

घरी आल्याच्या सहाव्या दिवशी संध्याकाळी अण्णांना थंडी वाजली. मी तापाची गोळी दिली, उतरला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मला आठवलं की, ह्यांच्या दाढेच्या वेळची अँटिबायोटिकची अर्धी पट्टी फ्रिजवरच्या डब्यात उरली आहे. तुमच्याही घरी असा एक डबा असेलच. उरलेल्या गोळ्या, अर्धवट बाटल्या, कशाकशाचं मलम. मी अण्णांना सकाळ-संध्याकाळ एक अशा त्या गोळ्या सुरू केल्या. आणि काय सांगू, ताप उतरला! आई म्हणाल्या, "आमची सून म्हणजे अर्धी डॉक्टर आहे." मलाही बरं वाटलं. गोळ्या पाचच होत्या, तिसऱ्या दिवशी संपल्या.

पुढचे दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या रात्री मात्र अण्णांना इतकी हुडहुडी भरली की लोखंडी पलंग वाजायला लागला. दोन गोधड्या, वर सतरंजी, तरी दात वाजत होते. ताप १०३. ह्यांनी इस्पितळात फोन लावला आणि मला दिला. पलीकडून कुणी तरुण मुलगा बोलत होता. मी म्हटलं, "आमच्या सासऱ्यांना बरं वाटत नाही, ताप आहे." तो म्हणाला, "सगळीकडे व्हायरल चालू आहे, तापाची गोळी द्या, दोन दिवसांनी दाखवा." त्याचा मला पुष्कळ दिवस राग होता. पण आता वाटतं, मी तरी त्याला काय सांगितलं? जाळी बसवून किती दिवस झाले, थंडी वाजते की नाही, जांघेत गाठ आहे, मधुमेह आहे, यातलं एक अक्षरही मी बोलले नव्हते. बाजारात जाऊन नुसतं 'डाळ द्या' म्हटलं तर दुकानदार कुठली देणार?

त्याच रात्री वन्संचा फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळेच ती गाठ आली, त्या बंद करा म्हणजे गाठही जाईल आणि तापही. आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. अण्णांनीच ऐकलं नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय तोवर घेणार," म्हणाले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, त्या गोळ्या तेव्हा मनाने थांबवल्या असत्या तर उघड्या जाळीत गुठळी होऊन दुसरा झटका आला असता, आणि तो बहुधा शेवटचा ठरला असता. अण्णांच्या हट्टीपणाबद्दल मी या सदरात अनेकदा कुरकुरले आहे. त्या रात्रीपुरता तो सगळा माफ.

सकाळी ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही अण्णांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी पहिल्यांदा जांघ पाहिली. गाठ लिंबाएवढी झाली होती, लाल आणि गरम. मग त्यांनी विचारलं, "घरी काही अँटिबायोटिक वगैरे दिलंत का?" आई चटकन म्हणाल्या, "छे, काही नाही, साधी तापाची गोळी." आईंना खरंच माहीत नव्हतं की ते अँटिबायोटिक होतं. मला माहीत होतं. आणि भगिनींनो, मी गप्प बसले. सासूबाई, हे, दारात उभे असलेले धाकटे भाऊजी, सगळ्यांसमोर 'मी दिली' म्हणायला जीभ उचलली नाही. अर्धी डॉक्टर ना मी!

डॉक्टर बाहेर गेले. मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले आणि मग व्हरांड्यात त्यांच्या मागे धावले. गोळीचं नाव सांगितलं, किती दिल्या तेही. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर रक्ताच्या बाटलीत काही उगवलं नसतं आणि मी हा ताप साधा समजून घरी पाठवलं असतं."

बाटलीत उगवणं म्हणजे काय, हे मी नंतर त्यांना विचारून घेतलं, आणि ते आपल्याला चटकन कळण्यासारखं आहे. रक्तात जंतू आहेत का हे पाहायचं, तर रक्त काढून जंतूंना मानवेल असं खाद्य भरलेल्या बाटलीत घालतात, उबेत ठेवतात आणि वाट पाहतात. ब्लड कल्चर म्हणतात त्याला. आपण दुधाला विरजण लावतो, त्याचाच प्रकार. विरजणात जीव असेल तर दही लागतं. पण विरजण गरम दुधात घालून मारलंत तर सकाळी दूध दुधासारखंच. दोन-चार अँटिबायोटिकच्या गोळ्या हेच करतात. जंतू अर्धमेले होतात, मरत नाहीत, पण बाटलीत उगवतही नाहीत. डॉक्टरांना वाटतं, रक्त स्वच्छ आहे. आणि आत जंतू पुन्हा डोकं वर काढतात. शिवाय उगवले तर ते कुठल्या जातीचे आणि कुठल्या औषधाला मरतात, हेही त्या बाटलीतूनच कळतं. म्हणून आधी बाटल्या भरायच्या आणि मग औषध, असा क्रम. मी तो घरीच उलटा केला होता.

अण्णांच्या वेळी वेगवेगळ्या जागांहून तीनदा रक्त घेतलं, आणि मगच सलाइनमधून औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी तीनांपैकी एका ठिकाणी जंतू उगवले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नाव मोठं असलं तरी ओळखीचा आहे. गळू होतं, केसतोड होतो, रांजणवाडी येते, ती बहुधा ह्याच्याच कृपेने. पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो बसलेला असतो आणि काही करत नाही. पण कातडीला भोक पडून रक्तात शिरला, की त्याच्यासारखा दुष्ट नाही. जाळीला होणाऱ्या लागणीत सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो. नळी फार वेळ आत राहिली, एकाच जागेतून पुन्हा काम केलं, रक्ताची गाठ झाली, शिवाय मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असला की त्याचं फावतं. अण्णांच्या बाबतीत यातलं मूत्रपिंड सोडून सगळं होतं.

मग हृदयाची सोनोग्राफी झाली, झडपांवर काही बसलं आहे का ते पाहायला. जांघेची झाली, तिथे पू निघाला, तो काढला. आणि सीटी स्कॅन करून जाळ्यांची जागा पाहिली. त्या सीटीच्या रिपोर्टची वाट पाहतानाचे पाच-सहा तास मी आयुष्यात विसरणार नाही. कारण तोवर डॉक्टरांनी ह्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. जाळीभोवती लागण झाली की वाहिनीची भिंत कुजल्यासारखी मऊ होते आणि तिला फुगवटा येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटू शकतो. किंवा तिथे पू साठतो, हृदयाभोवतीच्या पिशवीपर्यंत जातो. किंवा जाळीच गुठळीने बंद होते. आणि जशी घातली तशी जाळी नळीने ओढून काढता येत नाही. औषधाने भागलं नाही तर छाती उघडून शस्त्रक्रिया, तीही तापाने खंगलेल्या माणसावर.

रिपोर्ट चांगला आला. जाळ्यांच्या आसपास काही नव्हतं. लागण जांघेतून रक्तात गेली होती, पण जाळीवर बसायच्या आत पकडली गेली. तरी सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. दंडात एक लांब बारीक नळी बसवून दिली होती, शेवटचे तीन आठवडे नर्सबाई घरी येऊन औषध देऊन जायच्या. अण्णा आज ७० वर्षांचे आहेत आणि आत्ता हे लिहिताना बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावून बसले आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन-चार दिवस घरी काढले असते तर सांगता आलं नसतं.

आईंना मी ती गोळीची गोष्ट इस्पितळातच सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र फ्रिजवरचा डबा रिकामा झालेला दिसला. कधी केला, विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग घरात करायचं काय? हा भाग मी आमच्या डॉक्टरांना दाखवून घेतला आहे, तेव्हा निर्धास्त वाचा.

जाळी बसवून माणूस घरी आलं की एक वही करा. शाळेत मी मुलांच्या हजेरीची ठेवते तशी. पहिला महिनाभर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून आकडा लिहा. ही लागण बहुतेक वेळा पहिल्या काही दिवस-आठवड्यांतच दिसते, क्वचित पुष्कळ उशिरा. थर्मामीटर १००.४ च्या वर गेला, किंवा ताप कमी असूनही थंडी वाजून अंग हललं, की जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. फोनवर 'बरं वाटत नाही' म्हणायचं नाही. "अमुक तारखेला जाळी बसवली, इतके दिवस झाले, ताप इतका, थंडी वाजते, टोचलेल्या जागी असं असं आहे, मधुमेह आहे" असं वहीत पाहून वाचायचं. फोनवरच्या माणसाने वाटेला लावलं तर वही घेऊन समोर जाऊन उभं राहायचं. तापाबरोबर छातीत दुखलं, दम लागला तर फोनाफोनी करूच नका, १०८ ची गाडी बोलवा.

टोचलेली जागा रोज उजेडात कुणीतरी पाहायची. लाज आड येत असेल तर मुलाने पाहावी, नाहीतर आरशाने ज्याची त्याने. ती कोरडी ठेवायची. तिथे हळद, खोबरेल, कुठला लेप, काही लावायचं नाही. आपला हात फार शिवशिवतो हळदीकडे, पण नाही. जागा लाल, गरम, दुखरी झाली, पाणी किंवा पू आला, गाठ वाढली तर दाखवायचं. गाठ एकाएकी फुगायला लागली किंवा रक्त वाहू लागलं तर त्यावर हाताने घट्ट दाबून धरून तसंच इस्पितळ गाठायचं.

मधुमेह असेल तर या महिन्यात साखरेवर नेहमीपेक्षा जास्त नजर. भेटायला येणारे पेढे आणतात. घ्यावे, डबा वर ठेवावा. गळवं झालेल्या, जखम चिघळलेल्या पाहुण्याला थोडे दिवस थांबायला सांगावं, आणि आपण जखमेला हात लावायच्या आधी साबणाने धुवावेत, हे सांगायला नकोच.

दातांबद्दल दोघींनी विचारलं आहे. दात काढायच्या आधी जाळीसाठी म्हणून अँटिबायोटिक घ्यावं लागत नाही. ती काळजी कृत्रिम झडप वगैरे बसवलेल्यांसाठी असते. जाळीवाल्यांचा प्रश्न निराळा आहे, तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. दंतवैद्याला जाळीचं आधी सांगायचं, आणि गोळ्या थांबवायच्या की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. दंतवैद्याने नाही, आपण नाही, आणि वन्संनी तर नाहीच नाही. (त्या हे सदर वाचतात. वन्सं, हलकेच घ्या.)

त्या निळ्या पाकिटातल्या भगिनींचा गुरुवारी फोन आला. सोमवारीच रात्री त्या ह्यांना घेऊन गेल्या होत्या. रक्ताच्या बाटल्या भरल्या, हृदयाची सोनोग्राफी झाली. जाळी ठणठणीत निघाली. ताप लघवीच्या मार्गातल्या लागणीचा होता, इस्पितळात असताना लघवीसाठी नळी घातली होती त्यातून झालेला. औषध सुरू झालं आहे, आता ताप नाही. ह्यांनी घरी आल्यावर ऐकवलंच म्हणे, "बघ, उगीच धावपळ केलीस." मी त्यांना म्हटलं, ऐकून घ्या आणि वही चालू ठेवा, महिना व्हायला अजून आठ दिवस आहेत.

मग त्यांनी विचारलं, तोंडाला चव नाही म्हणतात, मेतकूट-भात दिला तर चालेल का? चालेल की. मीठ बेताचं आणि तुपाचा हात आवरता घ्या, एवढंच.